नावाखालची कोरी ओळ

नोरा, दगडवाल्याचा पुन्हा फोन आलेला. "बाई, नाव झालं कोरून. खाली काय टाकायचं ते सांगा, नाहीतर पॉलिश करून देऊन टाकतो." मी म्हटलं, जरा थांबा. तो म्हणाला, किती थांबू, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. बघ, गेल्यावरसुद्धा तुझ्यापायी लोकांची कामं अडून राहतात.

तूच बजावून ठेवलेलंस. हॉस्पिटलात, नाकात नळी असताना. "कुंदे, दगडावर नावाखाली माझं गाव लिहायचं. आयर्लंडमधलं. सापडलं तर लिही, नाही सापडलं तर ती ओळ कोरी ठेव." मी म्हटलं, दगडाची काळजी नंतर, आधी ती पेज संपव. पेज तशीच राहिली. आणि मी ओळ कोरी ठेवली, कारण आपल्याला काही सापडलेलं नव्हतं.

आता ऐक. गाव सापडलंय. पण तू शोधत होतीस ते हे नव्हे, म्हणून माझी जीभ अडली आहे. तुला विचारल्याशिवाय लिहू कशी? आणि विचारू कुणाला? तुझी सगळी माणसं केव्हाच ऑस्ट्रेलियाला गेली, मागे तू एकटी राहिलीस, आणि तुझ्यामागे मी. हॉस्पिटलच्या फॉर्मवर नातं विचारलं तेव्हा मी लिहिलं, मैत्रीण. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "तसं नाही मॅडम, नातेवाईक कोणी नाही का?" अस्सा राग आला म्हणून सांगू!

टेलिफोन एक्सचेंजमध्ये आपण शेजारी शेजारी बसलो, कानाला हेडफोन लावून, जन्मभर. मी डोंबिवलीची कुंदा, गुहागरकडची, गोरी, घाऱ्या डोळ्यांची. तू कल्याणच्या रेल्वे कॉलनीतली नोरा डोलन, इंजिन ड्रायव्हरची मुलगी, रंगाने चांगली काळीसावळी. नवीन साहेब आला की माझ्याकडे बघून इंग्रजीत सुरू व्हायचा आणि तुला म्हणायचा, "जरा यांना समजावून सांगा हो." तू हेडफोन बाजूला करून अगदी गोड आवाजात म्हणायचीस, "साहेब, ती भटीण आहे. आयरिश मी आहे." मग आपण दोघी टेबलाखाली तोंड घालून हसायचो.

पण मे महिना लागला की तुझं हसू जायचं. सगळ्या एक्सचेंजमध्ये एकच विषय. कोण चिपळूणला निघालंय, कोण साताऱ्याला, कुणाच्या गावची जत्रा, कुणाचे आंबे. आणि मग कुणीतरी विचारायचंच, "नोराबाई, तुमचं गाव कुठलं?" तू म्हणायचीस, कल्याण. "ते झालं हो, मूळ गाव?" त्यावर तू काय करायचीस ते फक्त मला ठाऊक. एकही कॉल आलेला नसताना जोडणीची कॉर्ड बोर्डात खुपसायचीस आणि मोठ्याने म्हणायचीस, "हॅलो नाशिक, हॅलो नाशिक!"

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायची, "काय चाटायचंय त्या गावाला? तुझा बाप कल्याणचा, आजा कल्याणचा, तू 'आलेली, गेलेली' असं आमच्यासारखंच बोलतेस, वडापावाला चटणी जास्त मागतेस. झालीस की इथली." तू म्हणायचीस, "तुला काय गं बोलायला! तुला गोत्र आहे, कुलदैवत आहे, गुहागरला तुझ्या काकांच्या पडवीत तुझ्या नावाची चटई आहे. पोट भरलेल्या बाईने उपाशी बाईला जेवणाचं महत्त्व नसतं म्हणून सांगू नये."  यावर मी दुसरा विषय काढायची.

दोघी निवृत्त झालो आणि तू शोधायला लागलीस. एकटीला जाऊ कशी देणार, म्हणून मी. माझे हे जाऊन वर्ष झालेलं, मुलगी बंगळूरला, घरात मी आणि फ्रिजचा आवाज. खरं सांगते, तुझा पूर्वज सापडतो की नाही याच्याशी मला काहीएक देणंघेणं नव्हतं. मला बाहेर पडायला कारण हवं होतं. तुझ्या पर्समध्ये थर्मास, माझ्या पिशवीत दडपे पोहे, आणि आपण निघालो आयर्लंडला. व्हाया ठाणे.

हाताशी होता एक कागद. तुझ्या पणजोबांचा, जोसेफ डोलन यांचा, बाप्तिस्म्याचा दाखला. तुझ्या आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात पिढ्यान्‌पिढ्या घडी घालून ठेवलेला. घडीवर फाटून मधला तुकडा गळून गेलेला. राहिलं होतं एवढंच: जोसेफ डोलन, त्याच्या खाली पॅट्रिक डोलन, रेल्वे, आणि तळाशी ठाण्याच्या जुन्या चर्चचा शिक्का. म्हणजे बाप पॅट्रिक, आयर्लंडहून रेल्वेच्या कामाला आलेला. बाप नाहीतर दुसरं कोण असणार? आपल्याकडे माणसाच्या नावाला बापाचंच नाव चिकटलेलं असतं. तुम्ही चार पिढ्या तेच धरून चाललात, आणि मीही कधी शंका घेतली नाही.

आता पॅट्रिकचं लग्न शोधायचं, म्हणजे पणजोबांची आई कोण ते कळेल, आणि लग्नाच्या नोंदीत त्याचं तिकडचं गाव मिळेल. ठाण्यात गेलो, कल्याणला गेलो, इगतपुरीला जाऊन आलो. सगळीकडे तेच, "लग्नाचं पुस्तक काढा." आणि सगळीकडे तो ऑफिसातला माणूस माझ्याकडे वळून विचारणार, "मॅडम, तुमच्या ग्रँडफादरचं नाव?" तू माझ्या कमरेला चिमटा काढायचीस. पण लग्न काही मिळालं नाही. तू म्हणायचीस, वाळवीने खाल्लं असेल. मी म्हणायची, वाळवीला बरोबर डोलनच बरा आवडला.

आयर्लंडच्या नोंदणी ऑफिसला तू ईमेल पाठवलीस, मी स्पेलिंग तपासून दिली. किती दिवस मेलबॉक्स उघडून बसायचीस! उत्तर आलं तेव्हा तू मला डोंबिवलीहून कल्याणला बोलावून घेतलंस, फोनवर सांगणार नाही म्हणालीस. मला वाटलं, जिंकली. तर ते अगदी सभ्यपणे लिहीत होते की पॅट्रिक डोलन नावाची माणसं तिथे ढिगाने आहेत. कृपया गाव कळवा, म्हणजे शोधता येईल. तिकडूनसुद्धा तोच प्रश्न, नोरा! गाव कुठलं? तू इतकी हसलीस, इतकी हसलीस, आणि मग हसता हसता बांध फुटला. "कुंदे, लग्नच झालं नसेल तर गं? ठेवलेली असेल कोणी. कॉलनीतल्या बाया लहानपणापासून तेच कुजबुजायच्या. मग आम्ही कोण? कोणाचेच नाही का?" मी तुझा हात धरला आणि म्हटलं, चहा टाकू का. काय ही बाई, तू मनात म्हणाली असशील. मला तेव्हा म्हणायचं होतं की तू माझी आहेस, झालं. पण आमच्या घरात असं बोलत नाहीत गं. आमच्याकडे चहाच टाकतात.

तू गेल्यावर मी ठाण्याच्या चर्चमध्ये तुझ्या नावाने मिस्सा, म्हणजे तुमची ती शांतीची प्रार्थना, सांगायला गेले. फादर तरुण आहेत, वसईकडचे, छान मराठी बोलतात. त्यांना तुझी सगळी कहाणी सांगितली. ते म्हणाले, "लग्नाचं राहू द्या. बाप्तिस्म्याची मूळ नोंद पाहिलीत का?" मी म्हटलं, "ती कशाला, दाखला होता की आमच्याकडे." असं मी म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं. फाटका कागद! मधला तुकडाच नसलेला! आणि इतकी वर्षं ज्या दालनात बसून आपण लग्नाची पुस्तकं उलटली, तिथल्याच कपाटात वरच्या फळीवर ते पुस्तक.

फादरनी वाचून दाखवलं. मुलाचं नाव जोसेफ, वय अंदाजे आठ. बाप चांगो, मिठागरावर कामाला, मयत. आई, मयत. गाव कोलशेत. आणि त्याखाली, धर्मपित्याच्या, म्हणजे बाप्तिस्म्याला मुलाची जबाबदारी घेणाऱ्याच्या जागी, पॅट्रिक डोलन, रेल्वे. "अनाथ मुलाला बाप्तिस्मा दिला की धर्मपित्याचं आडनाव लावायचे तेव्हा," ते म्हणाले. मी विचारलं, "आणि पॅट्रिकचं लग्न?" "झालं नसेलच, बाई. मग सापडणार कसं?"

मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि आपोआप फोन काढून तुझा नंबर लावला. शपथेवर सांगते, डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त तुला सांगायचं. नोरे, ठेवलेली वगैरे कोणी नव्हती गं, तुमच्या घराण्याला काही डाग नाही, सोड ते रडणं! आणि मग ती रेकॉर्ड केलेली बाई बोलली, आपल्या नोकऱ्या खाल्लेली, की हा नंबर बंद आहे. जन्मभर आपण दोघींनी अख्ख्या जिल्ह्याचे फोन जोडून दिले, आणि मला हा एक लागेना. बाकावर बसून रडले. लोक बघत होते. बघू देत.

कोलशेत, नोरा. काखेत कळसा नि गावाला वळसा! आठवतंय ना कोलशेत? आपला लाइनमन गजानन, त्याच्या मुलीची हळद. तू माझी नऊवारी साडी नेसून आलेलीस, माजिवड्याला रिक्षा अडकली म्हणून वैतागलेलीस, आणि बेंजो सुरू झाल्यावर त्या आगरी बायकांच्या घोळक्यात अशी घुसलीस की तुला ओढून काढावं लागलं. परत येताना म्हणालीस, "कुंदे, माझ्या गावाला अशी हळद होत असेल का गं? आयर्लंडला?" मी म्हटलं, तिथे थंडीने हळद गोठत असेल.

मी गजाननला फोन केला. त्याला नुसतं म्हटलं, चांगो, मिठागर, एक मुलगा रेल्वेच्या गोऱ्याने नेला. त्याने नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "बाई, आमच्या चुलत घरात हिराआई आहे, तिला भेटा. आणि सर्वपित्रीलाच या. का ते इथे आल्यावर कळेल."

त्यांची जमीन गेली बिल्डरला, आता टॉवरमध्ये राहतात. जिथे तू नाचलीस तिथे पार्किंग आहे. हिराबाई नव्वदीच्या असतील, नाकात नथीचं भोक ताणलेलं, आवाज खणखणीत. मला बघून म्हणाल्या, "तू ती घारी मड्डम. आनि दुसरी खय गेली, ती काली, नाचनारी?" मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग मी चांगोचं नाव काढलं, आणि त्यांनी मला हाताला धरून जवळ बसवलं.

"मिठाचे आगरावर तापाची साथ आली," त्या म्हणाल्या. "चांगो गेला, त्याची बायको गेली. पोरगा चुलत्याकरं रायला. चुलत्याचे घरान आधीच खानारी तोंडा रग्गड. एक गोरा यायचा, खाडीवरच्या पुलाचा काम बघाला. त्याला बायको नाय, पोर नाय. तो पोराला सोबत फिरवायचा, खाऊ द्यायचा. बोलला, मना द्या. चुलत्यानी दिला. आनि मंग जल्मभर रडला. तवाधरना आमचे घरान पितरांना एक पान जास्तीचा वाढतान. माझी सासू वाढायची, तिची सासू वाढायची. पोराचा पान."

मला दाखवायला त्या गच्चीच्या दाराशी घेऊन गेल्या. केळीची पानं ओळीने मांडलेली, वडे, खीर, अळूची भाजी. आणि ओळीपासून हातभर लांब एक पान, वेगळं. मी विचारलं, हे लांब का? म्हणाल्या, "पोरगा मेला का जिता, आमाला काय म्हाईत? जित्याला पितरांच्या रांगेन कसा बसवायचा? म्हनून बाजूला. कावल्याला नाय देत त्यो पान. दारान कोन पाव्हना आला त त्यानी जेवायचा."

नोरा, तुझे पणजोबा मोठे झाले, रेल्वेत लागले, कल्याणला संसार केला, मेले, पुरले गेले. त्यांचा मुलगा मेला, नातू मेला. आणि इकडे कोलशेतला दर वर्षी या बायका त्यांना जिवंत धरून पान वाढत होत्या. तू एक्सचेंजमध्ये खोटी कॉर्ड खुपसून "हॅलो नाशिक" करत होतीस, तेव्हा तुझ्या गावात तुझ्या घरचं पान मांडलेलं होतं.

मी हिराबाईंना सांगितलं, जोसेफ झालं त्याचं नाव, म्हातारा होऊन मेला, पोरंबाळं झाली, इथे राहिलेली शेवटची पणती ती काळी मड्डम. त्या पानांपाशी गेल्या. वाकल्या, सुनेने धरलं तर तिचा हात झटकला, आणि ते लांबचं पान दोन्ही हातांनी सरकवून ओळीत नेऊन ठेवलं. मग सुनेला म्हणाल्या, "आता बाजूला दुसरा पान मांड. तिचा."

मी कोकणस्थ ती कोकणस्थच. म्हटलं, "अहो, तिला जाऊन वर्ष नाही झालं. आमच्यात पहिल्या वर्षी पान वाढत नाहीत." त्यात ती ख्रिश्चन, हे तोंडाशी आलेलं, पण गिळलं. हिराबाई म्हणाल्या, "तं काय झाला? पितर म्हनून कोन वाढतो? घरची पोर हाय, उशिरा आली. तू तिच्यासंगती आलीस ना? मंग बस. तिचा तू जेव."

मी जेवले. अळूत शेंगदाणे होते, तुला आवडतात तसे. पानात काही टाकलं नाही. आजवर तुझ्या ताटातलं उरलंसुरलं मीच संपवत आले, हे त्यातलंच म्हण.

घरी आले आणि तेव्हापासून तुझ्याशी भांडते आहे. भांडण एकटीने करणं फार वाईट, नोरा. दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं, आणि तुझ्यासारखं टोचून मला बोलता येत नाही. इतकी वर्षं मी म्हणत होते, तू इथलीच आहेस. जिंकले ना शेवटी? पण हरायला तू नाहीस, तर या जिंकण्याचं काय लोणचं घालू? आणि मग भीती वाटते. तू हातातला कप आपटून म्हणशील, "इतकी वर्षं हिरव्या डोंगरांची स्वप्नं बघितली आणि तू मला मिठागर दिलंस?" एक मन म्हणतं, आयर्लंड लिहून टाक. नुसतंच आयर्लंड. कोण तपासायला येणार आहे? मेलेल्या बाईची हौस.

पण तुला हवं काय होतं, ते मला चांगलं माहीत आहे. तुला परदेश नको होता. तसं असतं तर भावाने तिकीट पाठवलं तेव्हाच ऑस्ट्रेलियाला गेली असतीस. तुला मे महिन्यात सांगायला एक गाव हवं होतं, आणि तिथे आपली कुणाला आठवण आहे एवढं कळायला हवं होतं. तुझ्या आयर्लंडला तुझं नावगाव ठाऊक नव्हतं गं. पान मांडलेलं होतं ते इथे.

पॅट्रिकला मात्र मी सोडणार नाही, घाबरू नकोस. परक्या मुलखात एकटा राहणारा माणूस, दुसऱ्याच्या पोराला स्वतःचं नाव देतो, आणि ते पोर चार पिढ्या ते नाव मिरवतं. याला नातं म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात? त्या काउंटरवरच्या मुलीला जाऊन विचारावंसं वाटतं. नावाच्या जागी डोलनच राहील. ते त्याचं आहे, आणि तुझंही.

आज सकाळी मी दगडवाल्याला फोन लावला. म्हटलं, घ्या लिहून. नोरा डोलन, त्याच्या खाली, गाव कोलशेत.

"कोलशेत?" तो म्हणाला. "आपलं ते माजिवड्याच्या पुढचं? अहो बाई, मग ते दगडावर कशाला घालताय? इतक्या जवळचं गाव, माहीतच असणार की."

मी म्हटलं, "तिला माहीत नव्हतं हो."